सहाशे पानांचा तिसरा भाग आणि एक उधारीची वही: चालू मालिकेतली रोमँटिक फँटसी कशी वाचावी

तिसऱ्या भागाचं पहिलं पान उघडलं, तर पहिल्याच परिच्छेदात कुणीतरी कुणाच्या तरी मृत्यूचा सूड घेण्याची शपथ घेत होतं. मला ना शपथ घेणारा आठवत होता, ना मेलेला. दुसरा भाग मी दीड वर्षापूर्वी दोन रात्री जागून अक्षरशः गिळला होता. नायक-नायिकेचं पहिलं चुंबन डाव्या पानावर होतं की उजव्या, इतकंसुद्धा लक्षात होतं. पण युद्ध कशावरून पेटलं, नायिकेच्या भावाने कुणाशी करार केला, राणीला नेमकं कोणतं गुपित कळलं होतं, हे सगळं कोरं.

त्यानंतर चुकत-माकत मी एक पद्धत बसवली. तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. चालू मालिकेची लेखिका वाचकाकडून सतत उधारी करत असते. इथे एक गुपित अर्धंच सांगते, तिथे एक नजर रोखून धरते, पुढच्या भागात फेडते, कधी बुडवतेही. कथानक विसरलं तर चालतं, ते पुन्हा कुठेही सापडतं. उधारी विसरली, तर ती फेडली जाते तेव्हा आपल्याला काहीच वाटत नाही, आणि सहाशे पानं वाचून काहीच न वाटणं यासारखं नुकसान नाही.

आधी मालिकेची जात ओळखा

रोमँटिक फँटसी, किंवा हल्लीच्या भाषेत रोमँटसी, म्हणजे प्रेमकथा बाजूला काढली तर डोलाराच कोसळेल अशी फँटसी. ड्रॅगन, दरबार, जादू, युद्ध सगळं असतं, पण कथेला वळण मिळतं ते प्रेमात पडलेल्या दोघांमुळे. हात लावण्याआधी एक पाहा: सगळ्या भागांत एकच जोडी आहे, की दर भागात नवी?

नवी जोडी असेल तर प्रेमाचा हिशोब त्या-त्या भागात मिटतो आणि मागचं युद्ध तेवढं पुढे चालू राहतं. अशा मालिकेत आधीची लाडकी जोडी पुढच्या भागात कोपऱ्यात उभी दिसते, सल्ले देते, एखादं मूल कडेवर घेऊन फिरते. अनेक वाचक इथे रुसतात. आधीच ठाऊक असलं तर रुसवा कमी होतो.

एकच जोडी असेल तर मामला वेगळा. अमेरिकेतल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखक-संघटनेने प्रणयकादंबरीच्या व्याख्येत दोन गोष्टी धरल्या आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम, आणि शेवट समाधान देणारा, आशादायक. पाच भागांच्या मालिकेत हा शेवट पाचव्या भागात देणं लागतो. मधल्या भागांवर तसं कसलंच बंधन नाही. म्हणून दुसरा-तिसरा भाग ताटातूट, कैद, विश्वासघात किंवा पुसून गेलेली स्मृती यांवर संपतो. त्यात लेखिकेचा दुष्टपणा नसतो, मालिकेची घडणच तशी असते.

आणखी एक चौकशी करा: एकूण किती भाग ठरलेत, किती आलेत, मध्ये किती काळ गेला. ‘फोर्थ विंग’ मे २०२३ मध्ये आलं, त्याचा दुसरा भाग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तिसरा जानेवारी २०२५ मध्ये. याउलट १९९१ साली सुरू झालेल्या ‘आउटलँडर’ मालिकेचा आठवा भाग २०१४ मध्ये आला आणि नववा थेट २०२१ मध्ये. सात वर्षं! सहा महिन्यांची प्रतीक्षा आठवणीच्या भरवशावर निघते, सात वर्षांची निघत नाही. नोंदी किती तपशिलात ठेवायच्या ते या अंतरावर ठरवा.

वाचनाचा क्रम

शंका आली की प्रकाशनाचा क्रम धरायचा. पूर्वकथा कालक्रमाने आधीची असली तरी ती बहुतेक वेळा मूळ भाग वाचलेल्या माणसासाठी लिहिलेली असते. एखाद्याचा भूतकाळ दोन भाग लपवून ठेवला, आणि तुम्ही तोच पूर्वकथेत आधी वाचून बसलात, तर त्या दोन भागांतली सगळी कुजबुज फुकट.

दोन भागांमधल्या छोट्या लघुकादंबऱ्या लोक पटकन वगळतात. वगळण्याआधी पाहा: मालिकेच्या मुख्य यादीत तिला क्रमांक दिलाय का? दिला असेल तर वाचा. कथानक फार सरकत नाही, पण पुढच्या भागात भांडणाऱ्या दोघांची पहिली ठिणगी तिथेच पडलेली असू शकते.

एक गंमतीदार अपवादही आहे. ‘थ्रोन ऑफ ग्लास’ मालिकेत ‘एम्पायर ऑफ स्टॉर्म्स’ (२०१६) आणि ‘टॉवर ऑफ डॉन’ (२०१७) या दोन भागांतल्या घटना एकाच काळात, वेगवेगळ्या भूमीवर घडतात. काही वाचक दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून आलटून-पालटून प्रकरणं वाचतात. हौस म्हणून ठीक आहे. पहिल्या वाचनात मात्र मी हे करणार नाही, कारण प्रत्येक पुस्तकाचा स्वतःचा श्वास असतो आणि तो दर वीस पानांनी तोडला की दोन्ही धापा टाकतात.

वेळेचा हिशोब, थोडक्यात

‘वाचून होईल’ असं म्हणू नका, मोजा. घड्याळ लावून पाच पानं नेहमीच्या वेगाने वाचा. पानाला दीड मिनिट लागत असेल तर सहाशे पानांना पंधरा तास. रोज पाऊण तास वाचलं तर वीस दिवस. इंग्रजी सवयीचं नसेल तर पानाला अडीच मिनिटंही लागतात, म्हणजे पंचवीस तास. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ग्रंथालयाची मुदत त्या बेताने बघा. ऑडिओबुक ऐकणार असाल तर दोन लाख शब्दांच्या कादंबरीला साधारण एकवीस-बावीस तास धरा. ऐकताना नावं कानावर पडतात पण डोळ्यांसमोर येत नाहीत, त्यामुळे पात्रांची यादी कुठेतरी लिहून ठेवाच.

मागचा भाग पुन्हा वाचायचा का?

उत्साही वाचक म्हणतात, सगळी मालिका पहिल्यापासून. तीन भाग गुणिले पंधरा तास, म्हणजे पंचेचाळीस तास. सुट्टी असेल तर खुशाल. नसेल तर मी एवढंच करते: मागच्या भागाची शेवटची साठेक पानं नीट वाचते, मग त्याच भागाचं पहिलं प्रकरण वाचते. हा उलटा क्रम मुद्दाम आहे. शेवट ताजा असताना सुरुवात वाचली की कुठली उधारी फिटली आणि कुठली राहिली ते लगेच दिसतं. पहिल्या प्रकरणात नायिका ज्याची भीती बाळगत होती ते शेवटी झालं का? नसेल, तर ते आता होणार.

नेटवर सारांश शोधताना सांभाळून. शोधपेटीत पात्राचं नाव लिहायला घेतलं की खाली सुचवण्या येतात, आणि त्यात ‘मेला का’, ‘लग्न कुणाशी’, ‘खरा बाप कोण’ अशा एकेक बातम्या झळकतात. माझा एक मृत्यू असाच फुटला. मला फक्त त्या पात्राच्या घोड्याचं नाव हवं होतं! वाचकांनी चालवलेल्या विकींवर पात्राच्या पानावर अगदी वरच ‘स्थिती: मृत’ लिहिलेलं असू शकतं. म्हणून पात्राचं नाव शोधू नका. मागच्या भागाचं नाव लिहून त्यापुढे ‘सारांश’ जोडा, आणि एकच पान उघडून बंद करा. ई-रीडरवर पुस्तकातच शोधणार असाल तर निकालांची यादी अख्ख्या पुस्तकाची असते. आपण आहोत त्या पानाच्या पलीकडे बोट सरकवू नका.

पहिली शंभर पानं: सगळं समजलंच पाहिजे असं नाही

सुरुवातीला लेखिका नव्या नावांचा मारा करते. राज्यं, घराणी, जादूचे प्रकार, पदव्या. प्रत्येक शब्दाला थांबून शब्दसूची उलटली तर चौथ्या पानावर पुस्तक मिटतं. माझा नियम तिसऱ्या भेटीचा. एखादं नाव तिसऱ्यांदा आलं की मगच त्याची दखल घ्यायची. एकदाच येऊन गेलेला सरदार बहुधा शोभेपुरता असतो.

नावांच्या बाबतीत आपल्याला एक सोय आहे, ती वापरा: नाव देवनागरीत लिहून काढा. या कादंबऱ्यांत आयरिश, वेल्श वळणाची नावं भरपूर असतात आणि त्यांचं स्पेलिंग उच्चाराला दाद देत नाही. एक आयरिश नाव अक्षरांवरून ‘नियाम्ह’ वाटतं, उच्चार मात्र ‘नीव्ह’. एकदा देवनागरीत ‘नीव्ह’ लिहिलं की डोळा दर वेळी अडखळत नाही. खरा उच्चार सापडला नाही तर आपला एक ठरवा आणि त्याला चिकटून राहा. चुकीचा पण ठाम उच्चार लक्षात राहतो. डोळ्यांनी नुसतं ओलांडलेलं नाव पुढच्या प्रकरणात अनोळखी होतं.

नकाशा असेल तर त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पण बघायचा कधी? प्रवास सुरू झाला की. तोवर त्यातली डोंगर-नद्यांची नावं पाठ करण्यात अर्थ नाही.

आणि प्रकरणाच्या डोक्यावर कुणाचं नाव आहे ते वाचत चला. दोन निवेदकांच्या कादंबरीत हे नाव नजरेतून सुटलं की ‘मी तिच्याकडे पाहिलं’ यातला मी कोण, हेच कळत नाही आणि दोन पानं मागे यावं लागतं.

उधारीची वही

आता मुख्य काम. साधी वही घ्या किंवा फोनमधली नोंदींची जागा. प्रत्येक पानाचे दोन रकाने करा: एक ‘जगाचा’, एक ‘दोघांचा’. जगाच्या रकान्यात राजकारण, जादूचे नियम, भविष्यवाणी, हरवलेल्या वस्तू. दोघांच्या रकान्यात त्यांच्यामध्ये न बोललेलं जे काही असेल ते. कथानक लिहायचं नाही. फक्त लेखिकेने काय देणं ठेवलं ते, पानाच्या आकड्यासकट, एका ओळीत.

माझ्या वहीतली एक नोंद दाखवते. पुस्तकाचं नाव मुद्दाम गाळते, न वाचणाऱ्यांची मजा जाईल.

पान ८४, दोघांचा: जेवताना सगळे हातमोजे काढतात, तो डावा काढत नाही. ती बघते, विचारत नाही.

पान २०९, जगाचा: म्हातारा वैद्य सांगतो, करार मोडणाऱ्याच्या अंगावर खूण उमटते. कुठे, ते सांगत नाही.

पान ४१२, दोघांचा: डावा हातमोजा काढला! तिच्यासमोर नाही, शत्रूसमोर. ती दाराआडून बघते. तिने पाहिलं हे त्याला ठाऊक नाही.

या तीन ओळी सुट्या वाचल्या तर काहीच नाही. ८४ ची नोंद समोर होती म्हणून २०९ वर मी थांबले, आणि ४१२ वर हातातलं पुस्तक खाली ठेवून खोलीत एक फेरी मारून आले. त्याने करार मोडलाय. तिला कळलंय. आणि तिला कळलंय हे त्याला कळलेलं नाही. पुढच्या शंभर पानांत ती त्याच्याशी तुटक वागते, त्याला वाटतं ती थकली आहे. माझ्या मैत्रिणीने तेच पुस्तक तीन बैठकीत संपवलं आणि तक्रार केली की नायिका उगाच फुगून बसते. तिने ८४ वाचलं होतंच. फक्त ते तिच्या हातात उरलं नव्हतं.

या नोंदीतला तिसरा भाग सगळ्यात किमती: कुणाला काय ठाऊक आहे. रोमँटिक फँटसीतला ताण बहुतांशी याच्यावर चालतो. वाचकाला सगळं माहीत, तिला अर्धं, त्याला पाव. म्हणून गुपित लिहिताना त्याच्यापुढे ते ज्यांना माहीत आहे त्यांची आद्याक्षरं लिहा. नवीन कुणाला कळलं की एक अक्षर वाढवा. इतकी छोटी युक्ती, पण दरबारी कारस्थानांची प्रकरणं तिच्यामुळे सोपी होतात.

किती नोंदी ठेवायच्या? सहाशे पानांत तीसेक पुरेत. साठ झाल्या तर आपण वाचत नसून कारकुनी करतोय असं समजा. शंका आली तर हा निकष लावा: लेखिकेने एखादी गोष्ट गरजेपेक्षा एक वाक्य जास्त रेंगाळून सांगितली का? अंगठी नुसती बोटात असेल तर सोडून द्या. अंगठी ती झोपेतही फिरवत असेल, तर लिहा.

उधारी फिटली की त्या नोंदीवर रेघ मारा आणि पान लिहा. रेघा मारताना एक वेगळंच सुख मिळतं, आणि लेखिकेचा हात किती सराईत आहे तेही कळतं. पहिल्या भागातलं देणं तिसऱ्यात, कुठलीही ओढाताण न करता फेडणारी लेखिका पाचव्या भागापर्यंत साथ देण्याच्या लायकीची. नायक-नायिका संकटात सापडले की आयत्या वेळी नवी शक्ती काढून देणारी असेल, तर तेही वहीतच दिसतं: फेड आहे, पण उधारीची नोंदच नाही.

मधला चिखल

बहुतेक जाड पुस्तकं मध्याच्या आसपास रुततात. प्रवास, सराव, छावण्या, सल्लामसलती. मालिकेच्या मधल्या भागात हे जास्तच जाणवतं, कारण ‘ते एकत्र येतील का’ हा प्रश्न संपलेला असतो आणि ‘एकत्र राहतील का’ हा प्रश्न अजून पेटलेला नसतो. चार दिवस पुस्तक उघडावंसं वाटलं नाही तर दोषी वाटून घेऊ नका, पण भराभर पानं उलटूही नका. लेखिका पुढची देणी करते ती बऱ्याचदा याच कंटाळवाण्या जागेत, वाचकाचं लक्ष नसताना. अशा वेळी मी एकेक प्रकरणावर येते: रोज एक, जास्त नाही. सरावाच्या प्रसंगात तलवारबाजीचं वर्णन वरवर वाचते, त्या दोघांचं बोलणं सावकाश.

नव्वद-शंभर पानं झाली, वहीत एकही नोंद पडली नाही, आणि जुन्यावर एकही रेघ नाही? मग पुस्तक सोडायला हरकत नाही. मी दोन मालिका अशा सोडल्यात. सोडताना शेवटची नोंद करून ठेवली, कारण मन बदलतं.

शृंगाराची पानं

यातल्या अनेक मालिका सरळसरळ प्रौढांसाठी आहेत, आणि मुखपृष्ठावरून ते कळेलच असं नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला आशयाची सूचना असेल तर वाचा. हिंसा, छळ, बळजबरी यांचाही उल्लेख तिथे असतो. घरातली चौदा वर्षांची मुलगी ‘परीकथा आहे’ म्हणून उचलणार असेल तर आधी तुम्ही चाळा.

असे प्रसंग नको असतील तर ओलांडा, पण शेवटचं दीड पान वाचा. कबुली, खोटं, जखमेच्या खुणेची गोष्ट, पहाटे दारावर पडलेली थाप, असा ऐवज लेखिका तिथेच ठेवते. माझ्या मैत्रिणीने अख्खं प्रकरण गाळलं आणि नायिकेने आपलं खरं नाव सांगितलेलं तिला पुढची दोनशे पानं ठाऊक नव्हतं.

शेवटची शंभर पानं

रात्री अकराला सुरू करू नका. ही पानं सलग वाचायची असतात आणि त्यांना अडीच-तीन तास लागतात. एकला थांबलात तर लढाईच्या मधोमध थांबाल, न थांबलात तर लेखिकेने केलेलं सगळं कष्टाचं काम जड डोळ्यांनी वाचाल. सुट्टीची सकाळ राखून ठेवा. सुरू करण्याआधी वहीतल्या न फिटलेल्या नोंदी एकदा वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याने या शंभर पानांतला प्रत्येक धक्का दुप्पट लागतो.

शेवट अर्धवट टांगून ठेवलेला असणार, हे गृहीत धरा. उपसंहार दुसऱ्याच पात्राच्या तोंडून आला तर तो दोनदा वाचा, कारण पुढचा भाग अनेकदा तिथूनच निघतो. मागे पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण छापलेलं असेल तर मी ते वाचत नाही. आठ पानांची चटक लागते आणि मग वर्षभर तीच आठ पानं चघळत बसावं लागतं.

पुस्तक मिटल्यावर, त्याच दिवशी

हे उद्यावर टाकलं की होत नाही. वहीचं एक कोरं पान घ्या आणि चार गोष्टी लिहा. शेवटच्या पानावर कोण कुठे आहे, कोणत्या अवस्थेत. कोणतं गुपित कुणाला ठाऊक आहे. दोघांमध्ये शेवटचं वाक्य कोणी कोणाला म्हटलं, शक्य तर जसंच्या तसं. आणि न फिटलेली देणी, पानांच्या आकड्यांसकट. यापुढे मला काय वाटतं, तेही एक ओळ लिहिते. पुढे जाऊन ते धादांत चुकलेलं निघतं तेव्हा मजा येते.

मधल्या काळात चर्चा वाचायच्या असतील तर आधी आपले अंदाज लिहून ठेवा आणि मग वाचा. शंभर लोकांचे तर्क वाचल्यावर स्वतःचा कोणता होता ते उरत नाही, आणि लेखिकेने साधीच फेड केली की ती फिकी वाटते, कारण वाचकांनी आधीच दहा चमकदार फेडी कल्पून ठेवलेल्या असतात.

पुढच्या भागाची तारीख जाहीर झाली की तिच्या आधी दहा दिवस हे पान काढायचं, मग साठ पानं, मग पहिलं प्रकरण. माझ्या त्या पानावर सध्या सात देणी आहेत. सगळ्यात वर लिहिलंय: ‘डावा हात. तिने पाहिलंय. त्याला अजून ठाऊक नाही.’